सहा कोन जाळीचे, फांद्या नियमाच्या

सप्रेम नमस्कार, भाऊ.

ठिपक्यांच्या जाळीवर, शेजाऱ्यांवर ठरणाऱ्या एका साध्या नियमाने, हिमस्फटिकांसारख्या वाढणाऱ्या आकृत्यांवरील माझ्या लेखाला आपण सविस्तर आक्षेप घेतलात. षट्कोनी जाळी आधीच मांडली तर सहा कोनांची नक्षी येणारच, त्यात निसर्गाचे काय उलगडले, हा आपला पहिला प्रश्न. आणि जिथे बर्फ पडत नाही त्या आपल्या कपाशीच्या मुलखातील मुलांना हे कशासाठी, हा दुसरा.

पहिल्या आक्षेपाचा अर्धा भाग मला मान्य आहे. सहा कोन जाळीतूनच येतात, आणि ‘हिमस्फटिक याच नियमाने वाढतो’ हे माझे वाक्य चुकीचे होते. ते मी काढले आहे. मात्र जाळी मनाने घेतलेली नाही. बर्फात पाण्याचे रेणू षट्कोनी रचनेत बसतात, म्हणूनच भौतिकशास्त्रज्ञ नॉर्मन पॅकार्ड यांनी १९८० च्या दशकात अशा वाढीच्या अभ्यासासाठी ती निवडली. फांद्या मात्र जाळीतून येत नाहीत, आणि माझा सारा भर त्यावर आहे.

आमच्या शाळेच्या ओसरीवर मुलांनी रांगोळीचे ठिपके काढले, एकाआड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकवून, म्हणजे प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी मिळतात. मधोमध तुरीचा एक दाणा ठेवला. ज्या रिकाम्या ठिपक्याशेजारी किमान एक दाणा असेल तिथे दाणा ठेवायचा, असा नियम केला तेव्हा १, ७, १९, ३७ असे दाणे होत गेले आणि भरीव षट्कोन नुसता फुगत राहिला. मग ‘किमान एक’ऐवजी ‘नेमका एक’ असे ठरवले. पहिल्या फेरीत सातच दाणे झाले, पण दुसऱ्या फेरीत बाहेरच्या बारा ठिपक्यांपैकी कोपऱ्यांवरचे सहाच भरले, कारण उरलेल्या सहांना दोन-दोन दाणे लागून होते. तिसऱ्या फेरीत त्यापलीकडचे अठराही ठिपके भरले, आणि ते सहा रिकामे ठिपके सगळ्या बाजूंनी वेढले गेले. सातवीतील एका मुलीने त्यांतल्या एकावर बोट ठेवून विचारले, “सर, इथं आता कधीच दाणा नाही पडणार?” नाहीच पडणार. चौथ्या फेरीत पुन्हा फक्त सहा कोपरे पुढे सरकले. ठिपके तेच, दाणे तेच. बदलला तो एक शब्द.

त्या शब्दामागे भौतिक कारण आहे. वाफ गोठताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे दाटीच्या जागी पुढचे गोठणे रोखले जाते, आणि बाहेर आलेल्या टोकाला ताजी वाफ आधी मिळते. ‘नेमका एक’ हा त्या दाटीचा ढोबळ हिशेब आहे. त्यात तापमान नाही, हा त्याचा मोठा दोष आपण दाखवला असतात तर मी लगेच मान्य केला असता. जपानी भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये होक्काइदो येथे प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवले. त्यांच्या कामातून दिसले की आकार तापमानावर आणि आर्द्रतेवर ठरतो: उणे ५ अंशांच्या आसपास सुया, उणे १५ च्या आसपास फांद्यांच्या चांदण्या. वाफेचे पसरणे आणि वितळणे हिशेबात घेणारी प्रारूपे ग्रावनर व ग्रिफिथ या गणितज्ञांनी पुढे मांडली.

मुलांना हे कशासाठी, याचे उत्तर मला त्या मुलीच्या बोटाखाली दिसते. ‘कधीच’ हा शब्द तिने माझ्या सांगण्यावरून घेतला नाही, सहा शेजारी मोजून घेतला. त्यासाठी बर्फ लागला नाही, संगणकही लागला नाही.

आपण कपाशी चौफुलीवर टोबता, असे आपण लिहिले आहे. गणितज्ञ स्तानिस्लाव उलाम यांनी १९६२ मध्ये अशाच चौकोनी जाळीवरील वाढीचा विचार मांडला होता. चार शेजारी आणि हाच ‘नेमका एक’ नियम घेऊन येत्या शनिवारी आम्ही दाणे मांडणार आहोत. मधला दाणा ही पहिली फेरी धरली तर दुसरीला ५, चौथीला २१ आणि आठवीला ८५ दाणे व्हायला हवेत, म्हणजे दर वेळी आधीची चौपट आणि वर एक. आपण अवश्य या. मोजणी आपल्याच हातून व्हावी अशी माझी इच्छा आहे.