जोफ्रच्या आधीचा माणूस

पहिलं महायुद्ध आणि फ्रान्स म्हटलं की जर्मनांना पॅरिसजवळ रोखणारी मार्नची लढाई आणि फ्रेंच सरसेनापती जनरल जोफ्र, एवढ्यावर गप्पा संपतात. जोफ्रच्या आधी त्या खुर्चीत बसलेल्या व्हिक्तोर मिशेलचं नावही निघत नाही. माझ्या मते १९१४ चा ऑगस्ट समजून घ्यायचा तर आधी हा माणूस वाचावा.

१९११ च्या सुरुवातीला युद्ध झाल्यास सरसेनापती होण्याचा मान मिशेलकडे आला. त्याचं म्हणणं साधं होतं. जर्मन सैन्य पूर्व सीमेवरच्या लोरेन प्रांतातल्या किल्ल्यांवर डोकं आपटणार नाही, ते बेल्जियममधून खोलवर वळसा घालून येईल. म्हणून फौजेचा मोठा भाग उत्तरेला, बेल्जियमच्या सीमेजवळच्या लील शहराच्या बाजूला हवा. एवढी माणसं आणायची कुठून? प्रत्येक खड्या रेजिमेंटला राखीव सैनिकांची रेजिमेंट जोडून.

इथेच घोडं अडलं. पोराबाळांच्या राखीव सैनिकांना पहिल्या फळीत उभं करायचं हे वरिष्ठांच्या पचनी पडेना. ते दिवस कर्नल ग्रांमेझोंच्या व्याख्यानांचे; चढाई आणि फक्त चढाई. जुलैमध्ये युद्धमंत्री मेसिमीसमोर बैठक झाली आणि मिशेल एकटा पडला. जनरल गालिएनीने पद नाकारलं, मग ते जोफ्रकडे गेलं.

तीन वर्षांनी जर्मन बेल्जियममधूनच आले, राखीव कोअर (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) पहिल्या फळीत घेऊन! २२ ऑगस्ट १९१४ या एका दिवसात सुमारे २७ हजार फ्रेंच सैनिक मेले.

आता मिशेलला द्रष्टा म्हणून डोक्यावर घ्यायचं का? मी घेणार नाही. त्याच्या योजनेत पूर्व सीमा बरीच उघडी पडत होती, आणि सहकाऱ्यांना पटवणं त्याला कधी जमलंच नाही. आणि जोफ्रला बेल्जियम दिसत नव्हता असंही नाही. १९१२ मध्ये तोच तिथे आधी घुसायला परवानगी मागत होता. इंग्लंड दुखावेल म्हणून तेव्हाचा पंतप्रधान पॉइन्कारेने ती दिली नाही. राखीव सैनिकांबाबत मात्र मिशेलची बाजू मला निर्विवाद वाटते.

पुढे त्याला पॅरिसचा लष्करी गव्हर्नर केलं. शत्रू जवळ येत असताना शहराच्या तटबंदीची कामं रेंगाळलेली होती, हा दोष त्याचाच. पुन्हा मंत्री झालेल्या मेसिमीनेच त्याला दुसऱ्यांदा हटवलं आणि गालिएनीला आणलं. २६ ऑगस्टला मंत्रिमंडळ बदललं आणि मेसिमीचंही पद गेलं. आणि जोफ्र? तो तेव्हा पूर्वेकडच्या तुकड्या काढून रेल्वेने डाव्या बगलेला, म्हणजे पश्चिमेकडे, हलवायच्या मागे होता.