व्हिटब्रेडने बिअर का सोडली: एका लोकप्रिय कथेचा प्रतिवाद

उद्योजकतेवरील भाषणांतून आणि व्हॉट्सॲपवरच्या मजकुरांतून एक कथा वारंवार सांगितली जाते. 1742 पासून लंडनमध्ये बिअर बनवणारी व्हिटब्रेड ही परंपरेला चिकटून बसलेली कंपनी होती. बिअरची आवड ओसरणार हे तिने वेळीच ओळखले, अडीचशे वर्षांचा धंदा एका धाडसी निर्णयाने सोडला, कोस्टा ही कॉफीच्या दुकानांची साखळी विकत घेतली आणि कॉफीनेच तिला तारले, असे या कथेचे सार आहे. ती ऐकायला चांगली वाटते, पण घडले ते वेगळेच.

मुळात ही कंपनी परंपरेला चिकटून कधीच बसली नव्हती. सॅम्युअल व्हिटब्रेड यांनी 1750 मध्ये चिझवेल स्ट्रीटवर जी ब्रुअरी थाटली, ती पोर्टर या गडद बिअरचा प्रचंड प्रमाणावर उत्पादन करणारा कारखानाच होता. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) दळण्यासाठी तिथे घोडे जुंपले जात. त्यांच्या जागी 1785 मध्ये जेम्स वॉट यांचे वाफेचे इंजिन बसवण्यात आले आणि दोन वर्षांनी राजा तिसरा जॉर्ज तो कारखाना पाहायला आला. सॅम्युअल यांच्या निधनाच्या वर्षी, म्हणजे 1796 मध्ये, वार्षिक उत्पादन दोन लाख पिंपांच्या पुढे गेले होते.

‘एका निर्णयाने’ हा भाग तर तारखांपुढे टिकतच नाही. बीफईटर ही रेस्टॉरंटची साखळी 1974 मध्ये, ट्रॅव्हल इन ही स्वस्त हॉटेले 1987 मध्ये आणि कोस्टाची खरेदी 1995 मध्ये. बिअर बनवणे थांबले ते थेट 2000 मध्ये. यातली बरीचशी हॉटेले कंपनीच्याच पब-रेस्टॉरंटांना लागून बांधली गेली. जागा हाताशी होती आणि मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला जेवण शेजारीच मिळत होते. म्हणजे हॉटेलचा धंदा बिअर सोडून उभा राहिला नाही. तो बिअरच्या धंद्याने मिळवून दिलेल्या जागांवरच उभा राहिला.

सर्वात मोठी गफलत कारणाबाबत आहे. ब्रिटनमध्ये असंख्य पब ब्रुअरींच्याच मालकीचे असत, आणि ते भाड्याने चालवणाऱ्याला बिअरही मालक कंपनीकडूनच घ्यावी लागे. मक्तेदारी आयोगाने 1989 मध्ये या पद्धतीवर ठपका ठेवला. त्याच वर्षी सरकारने असा आदेश काढला की, ज्या ब्रुअरीकडे 2000 हून अधिक पब आहेत, तिने त्यावरील निम्म्या पबांना 1992 पर्यंत या बंधनातून मोकळे करावे. ब्रुअरी आणि पब एकाच हाती ठेवण्यात जो नफा होता, त्याचा पायाच या आदेशाने खचला. शिवाय व्हिटब्रेडच्या खपाचा मोठा आधार असलेल्या हाइनेकेन आणि स्टेला आर्टुआ या बिअर तिच्या स्वतःच्या नव्हत्याच. ती त्या परवान्यावर बनवत होती.

दूरदृष्टीच्या दाव्याला सर्वात अडचणीचे ठरते ते 1999 हे साल. त्या वर्षी व्हिटब्रेडने अलाइड डोमेक या कंपनीचे सुमारे साडेतीन हजार पब विकत घेण्याचा प्रयत्न केला होता. पबांतून बाहेर पडायला निघालेली कंपनी असे करत नाही. स्वतः ब्रुअरी चालवणाऱ्या कंपनीने इतके पब घ्यावेत का, हा प्रश्न स्पर्धा नियामकांकडे गेला, व्हिटब्रेडला माघार घ्यावी लागली आणि ते पब, पंच टॅव्हर्न्स या पब चालवणाऱ्या कंपनीच्या पुढाकाराने झालेल्या व्यवहारात गेले. पुढच्याच वर्षी तिने बिअर बनवण्याचा व्यवसाय 40 कोटी पौंडांना इंटरब्रू या बेल्जियन कंपनीला, म्हणजे स्टेलाच्याच मालकाला, विकला. हजारो पब 2001 मध्ये विकले गेले. या घटनाक्रमात दूरदृष्टीपेक्षा कायद्याचा रेटा अधिक दिसतो, आणि तसे म्हणण्याने त्या व्यवस्थापनाचे श्रेय कमी होत नाही.

राहिली कॉफी. कोस्टा अवघ्या 1 कोटी 90 लाख पौंडांना घेऊन सुमारे 390 कोटी पौंडांना विकणे हा विलक्षण फायद्याचा सौदा होता, यात वाद नाही. पण तो कोका-कोलाशी 2018 मध्ये ठरला आणि 2019 च्या आरंभी पूर्णही झाला. कॉफीनेच कंपनी तरली असती, तर तिने कॉफी विकली नसती. आज तिचा मुख्य धंदा प्रीमियर इन, म्हणजे पूर्वीची ट्रॅव्हल इन, ही हॉटेले आहेत. काही वर्षे ती पुण्यातही होती. एप्रिल 2024 मध्ये तर कंपनीने आपली दोनशेहून अधिक रेस्टॉरंटे विकण्याची किंवा त्यांच्या जागी हॉटेलच्या खोल्या काढण्याची योजना जाहीर केली.