पूररेषेचे साहेब

सात चहाचे सत्तर रुपये. त्यातला मी प्यालो एक, तोही अर्धा. उरलेल्या अर्ध्यात ट्रायपॉडचा पाय पडला. सत्तर रुपयांसाठी माणूस दोन दिवस धुमसत नाही, हे बायकोने तीनदा ऐकवून झालंय. तिला पैसे दिसतात. मला ती घाटाची पायरी दिसते, जिच्यावर मी पाऊण तास 'साहेब' होतो आणि जिथून उतरताना 'ओ पाईपवाले' झालो.

मला जुन्या लेन्सेसचा नाद आहे. नाद म्हणजे नाद, त्याला कारण नसतं. मामांच्या ट्रंकेत एक झेनिट कॅमेरा निघाला, त्याच्या तोंडावर हेलिओस 44-2 नावाची 58 मिलिमीटरची रशियन लेन्स. मूळ जर्मन बायोटारवरून रशियनांनी उतरवलेली. उतरवताना त्यांनी काचेपेक्षा धातूवर जास्त विश्वास टाकला असावा. हातातून पडली तर फरशीची काळजी करावी. तिथून सुरुवात झाली. मग पुण्याच्या जुन्या बाजारातून पूर्व जर्मनीची पेंटाकॉन 200 आली. तिचे दीड हजार मोजले. घरी पाचशे सांगितले.

या लेन्सेस नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्याला बसतात, त्यामागे साधी वजाबाकी आहे. या दोन्ही लेन्सेस एम-42 आट्याच्या, बाटलीच्या झाकणासारख्या फिरवून बसवायच्या. त्यांना आपल्या बुडापासून फिल्मपर्यंत 45.46 मिलिमीटर अंतर लागतं. माझ्या कॅमेऱ्यात लेन्स बसते त्या कड्यापासून, म्हणजे माउंटपासून, सेन्सर (फिल्मच्या जागी असतो तो) 18 मिलिमीटरवर आहे. उरले 27.46, तेवढ्या जाडीची पोकळ नळी मध्ये बसवली की काम झालं. तीच अडॅप्टर. आत काच नाही, वायर नाही, काही नाही. सहाशे रुपये मोजून आपण हवाच विकत घेतो. पूर्वी माझ्याकडे निकॉनचा डीएसएलआर, म्हणजे आरसावाला कॅमेरा होता, त्यात हे अंतर 46.5. म्हणजे नळी बसवायच्या आधीच एक मिलिमीटर जास्त झालेलं. त्याच्यावर ही लेन्स लावली की जवळचं दिसायचं, लांबचं धूसर. माझ्या वडिलांचं बरोबर उलटं. दोघांना मिळून एक चष्मा करता आला असता.

स्वस्त अडॅप्टरवाले नळी मुद्दाम केसभर पातळ करतात, लांबचा फोकस चुकायला नको म्हणून. त्यामुळे माझी पेंटाकॉन अनंताच्या खुणेवर थांबत नाही, थोडी पुढे जाते. चंद्राचा फोटो काढायचा तर अनंतापासून जरा अलीकडे यावं लागतं. हे वाक्य मी एकदा घरी मोठ्याने बोललो होतो, तेव्हापासून या विषयावर घरात कुणी प्रश्न विचारत नाही.

असो. घाट.

परवाचा दिवस. पावसाने उघडीप दिली होती, कृष्णा पंधरा-सोळा फुटांवर निवांत वाहत होती. सांगलीचा आयर्विन पूल, 1929 सालचा, संध्याकाळच्या उन्हात असा काही दिसतो की फोटो न काढणं पाप. मी ट्रायपॉड लावला, पेंटाकॉन चढवली. जुन्या लेन्सच्या काचेवरचा लेप आजच्यासारखा नसतो. बाजूने ऊन लागलं की चित्र ताकासारखं पांढरं पडतं. म्हणून मी पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा कापून, आतून काळा रंग मारून तिला पुढे उन्हाचा आडोसा केलाय. बाहेरून रंगवायचा राहिला. करड्या पाइपवर कंपनीचा शिक्का आणि 'शेतीसाठी' असं अजून वाचता येतं.

ही लेन्स हाताने फोकस करायची. त्यासाठी ठळक कडा असलेली वस्तू शोधावी लागते, आणि आयर्विन पुलाच्या खांबावर पाणीपातळीचे फुटांचे आकडे रंगवलेले आहेत. यापेक्षा ठळक काय असणार? मी त्या आकड्यांवर लेन्स रोखून, एक डोळा मिटून, रिंग तसूतसूने फिरवत उभा राहिलो. आता विचार केला तर माझीच चूक वाटते.

मागे एम-एटी थांबली. तिला दोन बाजूंना दुधाच्या किटल्या. उतरलेल्या गृहस्थांनी टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली आणि माझ्या शेजारी येऊन, मी बघत होतो तिकडेच, तेवढ्याच गंभीरपणे बघू लागले. मिनिटभराने म्हणाले, "किती भरलं, साहेब?"

मी म्हटलं, "अं?"

"न्हाई, चालू द्या. मोजणीत बोलू ने."

तिथेच खुलासा करायला हवा होता. पण 'साहेब' शब्दाला एक ऊब असते. मला ऑफिसात शिपाईसुद्धा 'ओ देशपांडे' म्हणतो. मी गप्प बसलो आणि रिंग फिरवत राहिलो, किंचित जास्तच ऐटीत.

"दोनशे लिवलंय," त्यांनी लेन्सवर वाकून वाचलं. "दोनशे काय?"

"मिलिमीटर."

"एका दिसात?" ते हादरले. "कोयनेला?"

"पाऊस नाही हो. लेन्सचं... अंतर असतं ते."

"आनि हा आडवा आट कसला?"

"ते अनंत. म्हणजे कितीही लांब."

त्यांनी नदीकडे पाहिलं, पलीकडच्या सांगलवाडीकडे पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "म्हंजे ह्या टायमाला कितीबी लांब जानार म्हनता?"

एव्हाना त्यांनी चहाच्या टपरीकडे बघून दोन बोटं वर केली होती. मग तीन पोरं आली, एक रिक्षावाले, एक पोहून आलेले ओले आजोबा. बोटं वाढत सातावर गेली. सगळ्यांना हे गृहस्थ माझी ओळख करून देत होते. "साहेब पूररेषेचं हायीत. आमचं घर बगायला आल्यात."

"अहो बापू," मी म्हटलं (रिक्षावाले त्यांना बापू म्हणत होते), "मी साहेब नाही. मी हौस म्हणून फोटो काढतोय."

बापू सगळ्यांकडे बघून हसले. "सांगत न्हाईत. वरनं आर्डर असती."

नाही म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणू न देण्याची सांगलीकरांची एक पद्धत आहे, ती जेवायला वाढताना तुम्ही पाहिली असेल. तीच इथे लागू झाली. मी जितकं नाकारलं तितका माझा हुद्दा वाढला. ओले आजोबा तर मला पुण्याहून आलेला समजत होते.

आणि मग बापूंनी कॅमेऱ्याच्या स्क्रीनमध्ये डोकावलं.

कॅमेऱ्याला जुनी लेन्स ओळखता येत नाही. त्याच्या लेखी तोंडावर काही लावलेलंच नसतं. मेनूत जाऊन 'लेन्स नसतानाही शटर चालू दे' अशी लेखी परवानगी द्यावी लागते. फोकस तो करत नाही, पण एक मदत करतो. जो भाग नेमका फोकसमध्ये असेल त्याच्या कडांवर रंगीत रेघ दाखवतो. पीकिंग म्हणतात त्याला. माझ्या कॅमेऱ्यात लाल, पिवळा आणि पांढरा असे तीन रंग आहेत. मी लाल ठेवलाय, उन्हात दिसतो म्हणून.

बापूंनी डोकावलं तेव्हा माझी रिंग जरा पुढे सरकली होती. खांबावरचे आकडे धूसर झाले होते आणि पलीकडच्या काठावरचं एक कौलारू घर, कौल न् कौल, खिडकीचे गज, दाराच्या पायऱ्या, सगळं लालभडक रेघांनी आखून निघालं होतं.

बापूंच्या हातातला चहा हलला.

"आमचं घर," ते म्हणाले. "लाल रेषेत घेतलं."

ज्यांना नदी नाही त्यांच्यासाठी सांगतो. निळी पूररेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी घालून काही करता येतं. नकाशावर ती रेघ पेनाच्या टोकाएवढी असते, आणि ती ज्याच्या सोप्यातून जाते त्याला एक खोली वाढवायची तरी वर्षभर हेलपाटे.

हे मला ठाऊक आहे. पण बापूंना ते माझ्या दसपट ठाऊक होतं, कारण क्षणभर विचार करून त्यांचा चेहरा उजळला. "लाल हाय न्हवं? निळी न्हाई? मग चालतंय की! अटी घाला, काय पायजे त्या घाला." ते माझ्या कॅमेऱ्याला हात जोडणार होते. "न्हाईतर पैल्यांदा निळीत हुतो आमी."

"बापू, ती रेषा नाही. तो फोकस आहे. ती लाल काढून मी पिवळीही करू शकतो."

"तुमच्या हातात हाय?"

हे मी बोलायला नको होतं. रिक्षावाले पुढे सरसावले, त्यांचंही घर काठाला. एक पोरगा मोबाइलवर शूटिंग करू लागला. मी मेनूत जाऊन रंग पांढरा करून दाखवला, तर ओले आजोबा म्हणाले, "पांढरी कंची? ही नवीन काढली व्हय?" आणि सगळे चिंतेत पडले. पुढची दहा मिनिटं घाटावर पांढऱ्या पूररेषेतल्या बांधकामांच्या भवितव्यावर चर्चा झाली. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 519 वरून 524 मीटर केली तर पांढरी कुठे सरकेल, हेही बोलून झालं. मी बोललो नाही. मला विचारलंच नाही कुणी. साहेब होतो ना.

मग बापू दोन हजार एकोणीस सालच्या पुरावर आले. आयर्विनला पाणी सत्तावन्न फुटांवर. पंचेचाळीसला धोका, त्याच्यावर आणि बारा. "म्हस गच्चीवर चढवली. चढली गुमान. पानी उतारल्यावर खाली यायला तयार हुईना. आट दिस वैरन वर." लोक हसले, तेही हसले. मग म्हणाले, "पन पानी आमच्या तिसऱ्या पायरीच्या वर न्हाई गेलं कदी, एकोनीस सोडलं तर. तिसरी पायरी लिवा, साहेब. तेवढं लिवा." आणि मग सहज, "तुमी कुटं ऱ्हातासा?"

"विश्रामबाग." म्हणजे नदीपासून लांब.

"व्हय," बापू म्हणाले. "तिकडनं रेषा वडायला सोपं जातंय."

मला राग आला. खरं तर त्याच पुराने माझ्या मामांच्या गावभागातल्या घरात कमरेइतकं पाणी होतं. हेलिओसची ट्रंक माळ्यावर होती, तिला पाणी शिवलंही नाही. पण घर वाळायला महिने गेले आणि त्या ओलीने लेन्सच्या आत बुरशी धरली, कोळ्याच्या जाळ्यासारखी. लेन्स खोलून, अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसून मी ती काढली. पण बुरशीने काचेवरचा लेप खाल्लेला होता. देवीचे व्रण राहावेत तशी जाळी राहिली ती राहिलीच. तेव्हापासून सगळ्या लेन्सेस हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की कढईत भाजायचे, पुन्हा निळे होतात. डबा मूळचा भडंगाचा आहे आणि ती कढई पोह्यांची, यावर घरात मतभेद आहेत. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पुरात माझंही नुकसान झालंय हो! मग वाटलं, या माणसाची म्हैस आठ दिवस गच्चीवर होती. त्याला मी काय सांगणार, माझ्या भिंगाला बुरशी आली?

म्हणून मी दुसरंच केलं. रागाच्या भरात लेन्स फिरवून कॅमेऱ्यापासून सोडवली, अडॅप्टर काढून बापूंच्या हातात दिला. "बघा. पोकळ आहे. आरपार. यात यंत्र नाही. हा पाइप शेतीचा आहे."

बापूंनी अडॅप्टर डोळ्याला लावला. त्यातून आधी पूल पाहिला, मग घर, मग मला. बराच वेळ मला. मग पीव्हीसीवरचा शिक्का वाचला. घाटावर शांतता पसरली.

"म्हंजे," ते म्हणाले, "आमच्या हिरीवरचा पाइप हाय ह्यो."

"हो."

"आनि तुमी कोन?"

"कुणी नाही. हौस."

"मग इतका येळ काय करत हुतासा?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही. माणूस मोबाइल काढतो, टॅप करतो, झालं. मी एका खांबावरच्या आकड्यासाठी पाऊण तास उभा होतो आणि तो आकडाही धूसर. पांगापांग झाली. ज्या पोराने शूटिंग केलं होतं त्याने ते माझ्यासमोर डिलीट केलं, हे विशेष लागलं. परत चहाकडे वळलो तर ट्रायपॉडचा पाय कपात.

टपरीवाल्याने हिशेब सांगितला, "सात." मी बापूंकडे पाहिलं. बापूंनी किटलीचं झाकण घट्ट केलं. साहेबाला चहा पाजतात; फोटोवाल्याला कोण पाजणार? मी कोड स्कॅन केला आणि टपरीवरचा तो डबा सगळ्या घाटाला ऐकू जाईल असा ओरडला, "सत्तर रुपये प्राप्त झाले!"

बापूंनी किक मारली. पंधरा-वीस फुटांवर जाऊन वळून ओरडले, "ओ पाईपवाले! तुमच्या वरच्या साहेबाला सांगा, तिसरी पायरी!"

रात्री फोटो उघडले. पुलाचे सगळे हललेत. एकच नीट आलाय, तो चुकून निघालेला: कौलारू घर, दारात बांधलेली म्हैस, आणि पायऱ्या अशा स्वच्छ की मोजाव्यात. नव्या लेन्सला जमला नसता, असा. बापूंचा नंबर घ्यायचा राहिला. घेतला असता तर फोटो पाठवला असता, आणि त्याखाली माझा क्यूआर कोड. साठ रुपयांचा. माझा चहा मी धरला नसता.