चालू मेडिकल घेतलं की पहिल्या दिवसापासून नफा? जरा थांबा

व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय. नवीन मेडिकल टाकत बसू नका, चालू मेडिकल विकत घ्या, लायसन्स तयार, गिऱ्हाईक तयार, माल तयार, जागा भाड्याची असली तरी टेन्शन नाही, आणि जुनी देणी जुन्या मालकाची. वाचायला भारी वाटतं, पण यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

लायसन्स तयार म्हणजे कुणाचं? फॉर्म २० आणि २१ चं, म्हणजे औषधं किरकोळ विकायचं लायसन्स त्या मालकाच्या नावाने असतं, दुकानाबरोबर ते विकत मिळत नाही. तुम्हाला एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) नव्याने अर्ज करावा लागतो, रजिस्टर्ड फार्मासिस्टही तुमचा तुम्ही बघायचा. भागीदारी फर्ममध्ये पार्टनर बदलला तर जुनं लायसन्स फार तर ३ महिने ग्राह्य धरतात, त्याआधी नवीन काढायचं. "तोवर माझ्याच नावावर चालवा की" असं विकणारा म्हणाला तर सरळ नाही म्हणा, कारण बिलं त्याच्या नावाची, पैसे त्याच्या खात्यात, आणि इन्स्पेक्शन आलं की काउंटरवर तुम्ही.

आता गिऱ्हाईक. खरी मेख इथे आहे. मेडिकलचं गिऱ्हाईक बऱ्याचदा मेडिकलचं नसतंच, ते शेजारच्या डॉक्टरचं असतं, डॉक्टरने दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे हलवला की सेल पण तिकडे गेला. म्हणून दुकानदाराआधी डॉक्टरला भेटा, जागा स्वतःची की भाड्याची, किती वर्षं थांबणार, विकणाऱ्याशी नातं काय, सगळं विचारा. सेलचा आकडा सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर बघून भुलू नका, जीएसटी रिटर्न, खरेदीची बिलं आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून जुळवा. आणि सेल म्हणजे नफा नव्हे हो! सरकारने भाव बांधलेल्या औषधांवर रिटेलरचं मार्जिन १६ टक्के, त्यातून डिस्काउंट, भाडं, पगार. वर विकणाऱ्यानेच समोर नवीन मेडिकल टाकलं तर? करार कायद्याच्या कलम २७ मध्ये गुडविल, म्हणजे धंद्याचं नाव आणि जमलेलं गिऱ्हाईक विकताना ठरावीक भागात तोच धंदा न करण्याची अट घालता येते, पण ती करारात लिहून घेतली तरच.

माल तयार, बरोबर, पण त्यातला एक्स्पायरीला आलेला किती? होलसेलर परत घेतो तो सहसा स्वतःच्या बिलावरचा, तुमच्याकडे बिल जुन्या मालकाच्या नावाचं. त्यामुळे एमआरपीने मोजलेला स्टॉक मान्य करू नका, बॅच आणि तारीख बघून खरेदी भावाने मोजा, शॉर्ट एक्स्पायरी बाजूला काढा.

जागेचं थोडक्यात. भाडेकरूने विकलेला धंदा म्हणजे जागेवर तुमचा हक्क नव्हे, घरमालकाची लेखी संमती आणि तुमच्या नावाचा रजिस्टर्ड करार हातात आल्याशिवाय मोठी रक्कम देऊ नका.

आणि "जुनी देणी जुन्या मालकाची" हे तर साफ चूक. जीएसटी कायद्याचं कलम ८५ सांगतं की धंदा हस्तांतरित झाला तर तोपर्यंतच्या टॅक्स, व्याज, दंडाला देणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार, मागणी नंतर निघाली तरीही. होलसेलरची उधारी कायद्याने जुन्या मालकाची असली तरी ती थकलेली असेल तर तुम्हाला माल सोडायला लोक कुरकुर करणारच. म्हणून प्रत्येक होलसेलरकडून बाकी नसल्याचं पत्र घ्या, आणि ठरलेल्या रकमेतला काही भाग जुन्या मालकाची शेवटची जीएसटी रिटर्न भरून होईपर्यंत हातात ठेवा. विकणारा यालाच तयार नसेल तर दुसरं दुकान बघा.