‘चाळिशीनंतर दरवर्षी पेट-स्कॅन करा’ हा सल्ला चुकीचा आहे

गेले पंधरा दिवस इंदूरच्या आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर थायरॉइडच्या कॅन्सरबद्दल एक निरोप फिरतोय. भिशीचा ग्रुप, भजनी मंडळ, सोसायटी, सगळीकडे तोच. मला तो सहा जणींनी पाठवला आणि प्रत्येकीने खाली विचारलं, "ताई, हे खरं का?" राजेंद्र नगरच्या एका मावशींनी तर सरळ फोन केला. त्या स्कॅनसाठी एफडी मोडायला बँकेत निघाल्या होत्या. मी पंचवीस वर्षं सोनोग्राफी करते, त्यात रोजच्या गळ्याच्या तपासण्या आहेत. म्हणून उत्तर सविस्तर देते.

निरोप असा आहे: "थायरॉइडचा कॅन्सर गुपचूप वाढतो. टीएसएच नॉर्मल असला तरी तो असू शकतो. साधी सोनोग्राफी आता जुनी झाली, तिच्यात तो दिसत नाही. चाळिशीनंतर प्रत्येक बाईने वर्षातून एकदा पेट-सीटी किंवा एमआरआय करावा. गाठीत सुई टोचू देऊ नका, कॅन्सर पसरतो. लवकर सापडला तर जीव वाचतो."

टीएसएच म्हणजे थायरॉइडची नेहमीची रक्ततपासणी, तिच्याबद्दलचं वाक्य खरं आहे. ग्रंथी काम कसं करते ते टीएसएचवरून कळतं, तिच्यात गाठ आहे का ते कळत नाही. थायरॉइडचा कॅन्सर असलेल्या बहुतेकांचा टीएसएच नॉर्मलच येतो. पण या एका खऱ्या वाक्यामुळे पुढची चुकीची वाक्यंही खरी वाटू लागतात.

"सोनोग्राफीत दिसत नाही." हे अगदी उलट आहे. थायरॉइड कातडीच्या लगेच खाली असते, त्यामुळे तिथे ध्वनिलहरींची नजर फार तीक्ष्ण चालते. दोन-तीन मिलिमीटरची गाठसुद्धा दिसते, आणि नुसती दिसत नाही तर तिचा स्वभावही थोडाफार कळतो. गाठ आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळी आहे का, रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत चुन्याचे बारीक कण चमकतात का, हे आम्ही बघतो. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०१७ साली याच खुणांना गुण देऊन टायरॅड्स नावाची पद्धत प्रसिद्ध केली. तुमच्या रिपोर्टवर टीआर १ ते टीआर ५ असं लिहिलेलं असतं ते हेच, आकडा मोठा तितका संशय जास्त. स्पंजासारखी किंवा नुसत्या पाण्याने भरलेली गाठ असेल तर सुईचीही, म्हणजे सुईने पेशी काढून तपासण्याचीही, गरज नसते. टीआर ३ असेल तर अडीच सेंटिमीटर झाल्यावर सुई, टीआर ५ असेल तर एक सेंटिमीटरलाच.

पेट-सीटीबद्दलचा गैरसमज जास्त खोल आहे. या तपासणीत किरणोत्सारी साखर टोचतात आणि ती कुठे जास्त खर्च होते ते पाहतात. थायरॉइडच्या कॅन्सरपैकी दहातले आठ पॅपिलरी प्रकारचे असतात, आणि हे संथ पेशींचे कॅन्सर कित्येकदा साखर फारशी ओढतच नाहीत. म्हणजे पेट स्वच्छ आला तरी गाठ निर्धोक ठरत नाही. आणि भलत्याच कारणासाठी केलेल्या पेटमध्ये शंभरात एक-दोन जणांच्या थायरॉइडमध्ये एखादा ठिपका चमकतो. त्यातले साधारण तिसरा हिस्सा कॅन्सर निघतात. म्हणजे तीनात दोघी विनाकारण घाबरतात, आणि तिघींनाही पुढे सोनोग्राफी आणि सुई लागतेच. जी तपासणी "जुनी" म्हणून टाळली, तिच्याच दारात पुन्हा यावं लागतं.

पेटचं खरं काम वेगळं आहे. ऑपरेशन झालेल्या रुग्णाच्या रक्तात थायरोग्लोब्युलिन (थायरॉइडच्याच पेशी बनवतात ते प्रथिन) वाढतंय पण आयोडिनच्या स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही, अशा वेळी तो मोलाचा ठरतो. सीटी आणि एमआरआयसुद्धा गाठ मोठी असेल, छातीच्या हाडामागे उतरली असेल, श्वासनलिकेला चिकटली असेल तेव्हा सर्जनला नकाशा देतात. लहान गाठ चांगली की वाईट, हे ते सांगू शकत नाहीत. शिवाय सीटीत शिरेतून देतात त्या औषधात आयोडिन असतं. ते थायरॉइडमध्ये भरलं की पुढे किरणोत्सारी आयोडिनचा उपचार लागला तर साधारण एक-दोन महिने थांबावं लागतं. निष्कारण काढलेला सीटी असा खऱ्या उपचाराच्याच आड येऊ शकतो.

सुईबद्दल फार लिहीत नाही. ती रक्त काढायच्या सुईपेक्षा बारीक असते. सुईच्या वाटेने कॅन्सरच्या पेशी पसरल्याच्या नोंदी जगभरात आहेत, पण अतिशय दुर्मीळ. आणि सुई टाळायची तर उरतं काय? निदानासाठी आख्खी गाठ कापून काढणं. सुईला एक मर्यादा मात्र आहे, तीही सांगायला हवी. फॉलिक्युलर प्रकारची गाठ साधी की कॅन्सर, हे सुईने ठरत नाही. तिचं कवच फुटलंय का ते ऑपरेशननंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच कळतं. कोणताही स्कॅन, कितीही महागडा असो, तेही दाखवत नाही.

आता शेवटचं वाक्य, "लवकर सापडला तर जीव वाचतो." याच्याशी वाद घालायला मलाही जड जातं. स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी मी स्वतः बायकांच्या मागे लागते. पण थायरॉइडची गोष्ट वेगळी आहे, आणि एका आख्ख्या देशाने ती अनुभवली आहे.

दक्षिण कोरियात १९९९ पासून सरकारी कॅन्सर तपासणी सुरू झाली. थायरॉइड तिच्यात नव्हता, पण दवाखाने तीस ते पन्नास डॉलरांत गळ्याची सोनोग्राफी जोडून देऊ लागले. २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरच्या निदानाचं प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झालं. त्या एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त लोकांना "तुम्हाला कॅन्सर आहे" असं सांगितलं गेलं. इतके कॅन्सर लवकर सापडले तर मृत्यू कमी व्हायला हवे होते. ते झाले नाहीत, आकडा जिथे होता तिथेच राहिला. ऑपरेशन झालेल्या पंधरा हजारांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ११ टक्के लोकांच्या पॅराथायरॉइड, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, ग्रंथी निकामी झालेल्या आढळल्या. म्हणजे बोटांना मुंग्या, हातापायांत वांब, कॅल्शियमच्या गोळ्या. २ टक्के लोकांची स्वरतंतूची हालचाल गेली होती. भजनी मंडळातल्या बाईचा आवाज जाणं म्हणजे काय, हे मला इथे कुणाला समजावून सांगायला नको.

हे असं का झालं, तर कित्येक माणसं हा बारीकसा कॅन्सर गळ्यात घेऊन आयुष्यभर सुखाने जगतात. १९८५ साली फिनलंडमध्ये इतर कारणांनी वारलेल्या १०१ जणांच्या थायरॉइडचे बारीक काप करून पाहिले, तर ३६ जणांत पॅपिलरी कॅन्सर सापडला. जपानमध्ये कोबेच्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतचे असे कॅन्सर ऑपरेशन न करता फक्त सोनोग्राफीने पाहत राहायचं ठरवलं. १२३५ रुग्णांच्या अहवालात दहा वर्षांत गाठ वाढली ८ टक्क्यांची, मानेतल्या लसीका ग्रंथींत पसरली ३.८ टक्क्यांची, आणि या कॅन्सरने दगावलं कुणीच नाही. ज्यांची वाढली त्यांचं ऑपरेशन तेव्हा झालं.

उलट जो थायरॉइड कॅन्सर सगळ्यात जीवघेणा, तो ॲनाप्लास्टिक, काही आठवड्यांत वाढतो. वर्षातून एकदा केलेल्या स्कॅनच्या मधल्या महिन्यांतच तो उभा राहतो. म्हणून अमेरिकेच्या तज्ज्ञ कार्यदलाने २०१७ मध्ये स्पष्ट सांगितलं, की काही त्रास नसलेल्या मोठ्या माणसांची थायरॉइड कॅन्सरसाठी सरसकट तपासणी करू नये.

मावशींना मी फोनवरच पाच प्रश्न विचारले. गळ्याला गाठ लागते का? आवाज तीन-चार आठवडे बसलेला आहे का? गिळताना किंवा श्वास घेताना अडतं का? लहानपणी मानेला किरणांचे उपचार झाले होते का? घरात कुणाला थायरॉइडचा, विशेषतः मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर होता का? तो रक्ताच्या नात्यात उतरू शकतो, त्या घरात रक्तातलं कॅल्सिटोनिन (या कॅन्सरमध्ये वाढणारं संप्रेरक) आणि जीनची तपासणी करावी लागते. मावशींचं उत्तर पाचही वेळा "नाही" आलं. मी म्हटलं, एफडी राहू द्या, तुम्हाला यातलं काहीच नको.

मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नणंदेच्या गळ्याला दोन महिन्यांपासून एक गाठ लागतेय गं. आवाजही घोगरा झालाय. घाबरून कुणाला दाखवत नाही ती."

मी म्हटलं, त्यांना उद्या सकाळीच घेऊन या. गळ्याच्या सोनोग्राफीला उपाशी राहावं लागत नाही, चहा-पोहे घेऊनच निघा.