खुलासा: रॉड होल्डर सिलिकॉनने चिकटवता येतो का?

फिशिंग कयाकवर (मासेमारीच्या छोट्या वल्ह्याच्या होडीवर) रॉड होल्डर, म्हणजे गळाची काठी अडकवायची खोबण, बसवण्याबद्दल ‘फिशिंग कयाकला भोक पाडू नका, रॉड होल्डर सिलिकॉनने चिकटवा’ हा सल्ला फिरतो आहे. तो चुकीचा आहे. बहुतेक फिशिंग कयाक पॉलिइथिलीन या प्लास्टिकच्या असतात आणि त्यावर सिलिकॉन नीट धरतच नाही. मोठा मासा लागला की होल्डर रॉडसकट पाण्यात! नुसते स्क्रूही पातळ भिंतीतून उपटून येतात. हॅचमधून (कयाकच्या झाकणाच्या तोंडातून) आत हात पोचत असेल तर ३१६ स्टेनलेसचे (सहज न गंजणाऱ्या पोलादाचे) बोल्ट, आतून रुंद वॉशर आणि नायलॉक (सहज सैल न होणारे) नट हेच उत्तम. पोचत नसेल तर बाहेरूनच बसणारे आणि आत पाकळ्या उघडून धरणारे तीन पाकळ्यांचे रिव्हेट किंवा बोल्ट आवळला की आत फुगणारा रबरी वेल-नट. वेल-नट जास्त आवळला की रबर फाटते. मरीन सीलंट हवेच, पण ते पाणी अडवायला, भार पेलायला नव्हे. भोक टाळायचेच असेल तर कयाकवर आधीपासून असलेल्या ट्रॅकमध्ये (खाचेच्या पट्टीत) टी-बोल्टचा (टी आकाराच्या बोल्टवर बसणारा) माउंट सरकवा.