काळी पिसं म्हणजेच अस्सल कडकनाथ?

पोल्ट्रीच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरत असतो. म्हणणं असं: अस्सल कडकनाथ कोंबडीची पिसं, कातडी, हाडं, रक्त, अंडी सगळं काळं, पिसांत पांढरी किंवा सोनेरी रेघ दिसली की भेसळ समजा, हा काळेपणा लोहाचा, आणि मांसात कोलेस्टेरॉल शून्य. यावर विसंबून लोक चांगला पक्षी बाद करतात आणि संकर चढ्या भावाने घरी आणतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी पिसं. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला, तिथल्या भिल्ल-भिलाला आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं. त्याचे तीन प्रकार मानले जातात: जेट ब्लॅक, पेन्सिल्ड आणि गोल्डन. पेन्सिल्डच्या काळ्या पिसांवर पांढुरक्या कडा असतात, गोल्डनच्या सोनेरी. तिन्ही अस्सल. पिसांची नक्षी काही जनुकांच्या हाती, कातडीचा काळेपणा दुसऱ्यांच्या. सिल्की कोंबडी पिसांनी पांढरीशुभ्र असू शकते, कातडी मात्र काळीच. उलट ऑस्ट्रालॉर्प जातीच्या कोंबडीची पिसं हिरवट झाक मारणारी काळीभोर, आणि आत कातडी पांढरी. ऑस्ट्रालॉर्प आणि कडकनाथचा संकर मेसेजच्या पिसांच्या कसोटीवर सहज पास होतो. झाबुआचा गोल्डन कोंबडा नापास.

कातडी काळी का, हा खरा गमतीचा भाग आहे. कडकनाथच्या २० व्या गुणसूत्रावरच्या एका तुकड्याची दुप्पट झाली आहे. त्यात ईडीएन३ नावाचं जनुक येतं. त्यामुळे अंड्यात गर्भ वाढत असताना रंगपेशी नेहमीपेक्षा जास्त होतात आणि एरवी जिथे जात नाहीत तिथे, म्हणजे स्नायूंच्या आवरणात, हाडांवरच्या पापुद्र्यात, आतल्या अवयवांत जाऊन बसतात. सिल्की आणि इंडोनेशियाच्या अयाम सेमानी कोंबडीतही हाच बदल सापडतो. तो प्रभावी आहे, आईबापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. पण त्याला दाबणारं आणखी एक जनुक आहे, आणि ते लिंग ठरवणाऱ्या झेड गुणसूत्रावर बसलेलं आहे. पांढऱ्या-पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत ते असतं.

बेटसन आणि पनेट या जनुकशास्त्रज्ञांनी १९११ मध्ये सिल्की आणि ब्राउन लेगहॉर्न या पिवळ्या पायांच्या जातीच्या संकरांवर हेच दाखवलं. सिल्की कोंबडी आणि लेगहॉर्न कोंबडा लावला तर सगळी पिल्लं फिकट. जोडी उलट केली, सिल्की कोंबडा आणि लेगहॉर्न कोंबडी, तर माद्या गडद काळ्या आणि नर फिकट. मादीला झेड गुणसूत्र फक्त बापाकडून मिळतं, आणि सिल्की बापाकडे ते दाबणारं जनुक नसतं, म्हणून. आपल्याकडे कडकनाथ कोंबडा पिवळ्या पायांच्या गावरान कोंबड्यांत सोडला की हेच होतं, आणि त्यातल्या काळ्या तलंगा (तरुण माद्या) ‘अस्सल’ म्हणून बाजारात येतात.

रक्त? लालच. अंडी फिकट तपकिरी, कवचाचा रंग मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याचा नसतोच. तुरा आणि गळ्याखालच्या लोळ्या जांभळट असतात, त्यात लालसर झाक दिसली म्हणून घाबरू नये.

लोहाचं म्हणणं तर पूर्ण चुकीचं आहे. काळा रंग मेलॅनिनचा, आपल्या केसांत असतो तोच. लोह रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असतं आणि ते लाल दिसतं. कोलेस्टेरॉल प्रत्येक प्राण्याच्या पेशीच्या आवरणात असतंच, त्यामुळे ‘शून्य’ मांस कुठल्याच कोंबडीचं असू शकत नाही. हृदयाच्या रुग्णाला असा मेसेज पाठवणं मला गंभीर वाटतं.

अशा दाव्यांवर धंदे उभे राहतात. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पट्ट्यात हजारो शेतकरी कडकनाथच्या योजनेत बुडाले: पिल्लं विकत घ्या, अंडी आणि कोंबड्या आम्ही चढ्या भावाने परत घेऊ, एवढंच आश्वासन होतं.

कोंबडा पारखायचा असेल तर त्याची पिसं सोडा, त्याच्या मुली बघा. पिवळ्या पायांच्या साध्या गावरान कोंबड्यांशी त्याला लावा. कातडीच्या बाबतीत शुद्ध असेल तर झाडून सगळ्या माद्या काळ्या निघतील. काही माद्या पांढऱ्या कातडीच्या निघाल्या, तर कोंबड्यात मिसळ आहे. ही परीक्षा कातडीपुरतीच. बाकीच्या गुणांसाठी आईबापांची नोंद ठेवणाऱ्याकडूनच पिल्लं घ्या, आणि शक्य असेल तर ते आईबाप प्रत्यक्ष बघून घ्या.